चाकातील हवा आणि तिचा पहारेकरी

मोटारीच्या चाकात हवा किती आहे, हे पूर्वी कोणी यंत्राला विचारीत नसे. बुटाच्या टाचेने टायरला एक ठोकर द्यावी, आवाज ऐकावा आणि ‘ठीक आहे’ म्हणून निघावे, अशी रीत होती. मालमोटारीचे चालक तर अजूनही ढाब्यावरून निघताना लोखंडी टॉमीने एकेक चाक ठोकून पाहतात आणि त्यांचा कान सहसा फसत नाही. पण घरगुती मोटार हाकणाऱ्या आपल्यासारख्यांना तो कान नाही. म्हणून अलीकडच्या गाड्यांत चाकाच्या आत एक पहारेकरी बसविलेला असतो. हवा कमी झाली की चालकापुढच्या फळीवर एक पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह, असे त्याचे रूप. या पहारेकऱ्याला शास्त्रीय मराठीत दाब-संवेदक म्हणावे. बाजारात त्याला सरळ ‘सेन्सर’ म्हणतात. तो निकामी झाला म्हणजे खिशाला किती चाट बसते, ती तितकी बसणे आवश्यक आहे काय, आणि ती टाळावी म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम हा पहारेकरी आहे तरी कसा, ते पाहू. टायर काढला तर रिमच्या आतल्या बाजूस, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी, काडेपेटीहून लहान अशी एक काळी डबी दिसते. वजन सुमारे तीस ग्रॅम. तिच्यात सिलिकनचा एक अतिसूक्ष्म पडदा असतो. हवेच्या दाबाने तो वाकतो, वाकला की त्याचा विद्युत्-रोध बदलतो आणि त्या बदलावरून दाब कळतो. शेजारी तापमान मोजणारा भाग, चाक फिरते आहे की उभे हे ओळखणारा भाग, एक चिमुकले रेडिओ-प्रक्षेपक आणि या सर्वांस पोसणारी लिथियमची बॅटरी. आपल्याकडील बहुतेक संवेदक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. मी आता आपणांशी बोलतो आहे ते ज्या तत्त्वाने आपल्या घरी पोचते, त्याच तत्त्वाने चाक आपली हकीकत चालकास सांगत असते. प्रत्येक संवेदकाला स्वतःचा एक क्रमांक असतो आणि गाडीच्या मेंदूत त्याच चार क्रमांकांची नोंद असते. नाहीतर सिग्नलपाशी शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाची तक्रार आपल्या दिव्यावर उमटली असती.

या डबीचे आयुष्य किती कष्टाचे! ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे चौदा फेरे घेते. तीस ग्रॅमच्या त्या डबीवर तेव्हा जे केंद्रोत्सारी बल येते, त्याचा हिशेब शाळेतल्या सूत्राने मांडला तर ते जवळजवळ पाच किलो वजनाइतके भरते. शिवाय उन्हाळ्यातील रस्त्याची धग, पावसाळ्यातील पाणी आणि पंक्चर काढणाऱ्याच्या पहारीचा धाक आहेच. या सर्वांतून बॅटरी वाचावी म्हणून कारखान्यात संपूर्ण डबी राळेने भरून कायमची बंद करतात. परिणामी बॅटरी संपली म्हणजे बॅटरी बदलता येत नाही. सगळा संवेदकच बदलावा लागतो. हे आयुष्य साधारणतः पाच ते दहा वर्षांचे, आणि उष्ण प्रदेशात ते अलीकडच्या बाजूस झुकते. बिलातील आकडा मोठा दिसतो त्याचे मूळ येथे आहे.

आता कोणी म्हणेल, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! या यंत्राशिवाय शंभर वर्षे मोटारी चालल्याच ना? चालल्या, पण त्या चालण्याची किंमत काही जणांनी दिली आहे. सन २००० च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. त्यांतील पुष्कळसे फोर्ड कंपनीच्या ‘एक्सप्लोरर’ गाड्यांवर होते. धावता धावता टायरचा वरचा थर सोलून निघे आणि गाडी उलटे. अमेरिकन सरकारच्या नोंदीप्रमाणे २७१ माणसे या प्रकरणात दगावली. दोष केवळ हवेचा नव्हता, टायरच्या घडणीचाही होता. तथापि फोर्डने त्या गाडीसाठी २६ पौंड हवा सांगितली होती, टायर करणाऱ्यांचे म्हणणे ३० पौंडांचे होते, आणि अपघात प्रामुख्याने टेक्सास, अॅरिझोना अशा तापलेल्या राज्यांत घडले. कमी हवा, जड गाडी, तापलेली सडक आणि वेग यांचा मेळ कसा जीवघेणा ठरतो, ते तेव्हा जगाला दिसले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तेथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हवेचा पहारेकरी सक्तीचा झाला. युरोपने २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींना तोच नियम लावला.

येथे एका घातक समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. ‘उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून चार पौंड कमीच भरावी’ असे शहाणी माणसेही सांगतात. गोष्ट नेमकी उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हाताने पुनःपुन्हा वाकविली तर ती वाकल्या जागी तापते, हे आपण लहानपणी करून पाहिले असेल. टायरचे तसेच होते. ती उष्णता रबर आणि आतील दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सोडविते. टायर फुटतो तो बहुधा हवा जास्त झाल्याने नव्हे, तर कमी हवेवर दूरवर आणि वेगाने पळविल्याने. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा प्रथम खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पुरा झाला. त्यावर सुरुवातीपासून टायर फुटण्याच्या अपघातांची चर्चा होत आली. २०२३ साली परिवहन खात्याने प्रवेशापाशीच टायर तपासून झिजलेल्या चाकांच्या गाड्या अडविल्या. सिमेंटचा सरळ रस्ता, विदर्भातले ऊन आणि ताशी १२० किलोमीटरची मुभा! गावातल्या गावात जे चाक वर्षभर सांभाळून घेते, ते अशा रस्त्यावर पहिल्या तासाभरात परीक्षेला बसते.

आता पैशांकडे वळू. मी राहतो त्या भोपाळात, मराठी माणसाला नावानेच आपल्याशा वाटणाऱ्या तात्या टोपे नगरात जवाहर चौक आहे. (लोक मात्र टी. टी. नगर म्हणून मोकळे होतात, आणि तात्या टोपे आद्याक्षरांत लपून राहतात.) चौकाच्या आसपास मोटारीच्या सामानाची आणि टायरची दुकाने आहेत. माझ्या एका सहशिक्षकांच्या गाडीची हकीकत येथेच उलगडली. गाडी सात वर्षांची. दिवा एका सकाळी लागला तो विझेना. त्यांनी हवा भरून पाहिली, दिवा तसाच. तीन आठवडे ते तशीच गाडी चालवीत राहिले. अखेरीस एका सेवाकेंद्रात नेली तेव्हा त्यांच्या हाती अंदाजपत्रक आले ते असे: चार संवेदक, प्रत्येकी ३,४०० रुपये; चारही चाके उतरवून चढविणे व तोल साधणे २,००० रुपये; गाडीच्या मेंदूत नवे क्रमांक नोंदविणे १,२०० रुपये; एकूण १६,८०० रुपये. शिक्षकाच्या पगारात असा आकडा महिन्याचे गणित विसकटून टाकतो. त्यांच्या मातोश्री पांढुर्ण्यास असतात, प्रकृती बरी नसते, महिन्यातून एकदा तरी इटारसी, बैतूल, मुलताई करीत त्यांना जावे लागते. गाडी उभी ठेवणे शक्य नाही, आणि एवढे पैसेही लगेच शक्य नाहीत. ‘दिव्यावर काळी पट्टी चिकटवून टाकतो,’ ते हसत म्हणाले. असे खरोखर करणारी माणसे मला ठाऊक आहेत, म्हणून मला हसू आले नाही.

आम्ही गाडी घेऊन जवाहर चौकातल्या एका टायरवाल्याकडे गेलो. त्याच्यापाशी हातात धरावयाचे एक यंत्र असते. ते व्हॉल्व्हजवळ नेले की आतील संवेदकाला जागे करते आणि त्याचे उत्तर पडद्यावर दाखविते. दोन चाके बोलली. मागचे डावे गप्प. ‘सर, ये वाला बोल ही नहीं रहा,’ तो म्हणाला. चौथे चाक पुढचे उजवे. तेही बोलले, पण जे बोलले ते ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो: २१ पौंड. त्या गाडीच्या दारावरील पट्टीवर ३३ पौंड लिहिलेले आहे. टायर फिरवून पाहिला तर एक खिळा रुतून बसलेला. हवा थेंबाथेंबाने निघत होती.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. त्या गाडीत दिवा एकच. मागच्या डाव्या चाकाचा संवेदक मेला म्हणून तो अखंड जळत होता. त्या काळात पुढच्या उजव्या चाकाचा जिवंत संवेदक इमानाने ‘हवा चालली, हवा चालली’ असे ओरडत होता. पण जळत्या दिव्याला आणखी जळता येत नाही. लांडग्याची गोष्ट आपण मुलांना शिकवितो. येथे पोर खोटे बोलत नव्हते, पण एकाच्या आजारपणापायी दुसऱ्याची खरी हाक ऐकू आली नाही. निकामी संवेदकाची खरी किंमत म्हणून मी ३,४०० रुपये धरीत नाही. एक मेला तर उरलेले तिघे असून नसल्यासारखे होतात, ती त्याची किंमत. ज्या गाड्यांत पडद्यावर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसतात, तेथे ही अडचण पुष्कळ कमी. एका चाकापुढे रेघ दिसते आणि बाकीचे आपले आकडे दाखवीत राहतात.

शेवटी काय केले? खिळा काढून पंक्चर बुजविले, १५० रुपये. मागच्या डाव्या चाकात एकच नवा संवेदक बसविला. तो गाडीच्या कंपनीचा नव्हे, तर ज्यात हवा तो क्रमांक भरता येतो अशा जातीचा. त्यात मेलेल्या संवेदकाचाच क्रमांक उतरविला, त्यामुळे गाडीच्या मेंदूला माणूस बदलल्याचे कळलेच नाही. तो २,३०० रुपयांना पडला. चाक उतरवून चढविणे ४०० आणि क्रमांक भरणे ३००. एकंदर ३,१५० रुपये. बाकीचे तिघे सात वर्षांचे आहेत, तेही आज ना उद्या जाणार, हे खरे. पण टायर आणखी वर्षभराने बदलावयाचे आहेतच आणि तेव्हा चाके उतरवावी लागणारच. संवेदक बदलण्यात निम्मी कटकट आणि बरीचशी मजुरी टायर रिमवरून सोडविण्याची असते. ती दोनदा कशाला द्यावी? जुन्या गाडीचे संवेदक टायरबरोबर बदलणे, आणि टायर अजून नवे असतील तर जो मेला तेवढाच बदलणे, हा मला व्यवहारी मार्ग वाटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्या बचतीत एखाद-दुसऱ्या संवेदकाचा खर्च निघूनही जाईल.

सेवाकेंद्रे चारही बदला म्हणतात ते नेहमी लबाडीनेच म्हणतात असे नाही. चौघेही एकाच दिवशी जन्मलेले असल्याने त्यांचे मरणही जवळपास असते, आणि ग्राहक महिन्याभराने पुन्हा तक्रार घेऊन आला तर त्यांनाच ऐकून घ्यावे लागते. परंतु ‘कोणता मेला ते दाखवा’ असे विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि यंत्राने ते पाच मिनिटांत दिसते.

त्याहीपूर्वी, दुकानात जाण्याच्या आधी, दिव्याची भाषा वाचावी. किल्ली फिरविल्यावर दिवा लागून लगेच विझला तर सर्व कुशल आहे. ती केवळ हजेरी. लागला आणि न लुकलुकता स्थिर राहिला तर हवा कमी आहे. पैसे खर्चण्याचे कारण नाही, पंप गाठावा. पण प्रारंभी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणाच आजारी आहे. पुष्कळ गाड्यांत हा संकेत असाच असतो, आणि गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत तो छापलेला असतो. ती पुस्तिका आपण बहुधा विम्याच्या कागदांखाली दडपून ठेवतो. माझ्या सहशिक्षकांचा दिवा रोज सकाळी लुकलुकत असे. त्यांना वाटले, तार सैल झाली असेल.

थंडीतला दिवा हा आणखी एक प्रकार. नाताळच्या रात्री मिस्सा आटोपून माणसे चर्चच्या आवारातून गाड्या काढतात, तेव्हा एखाद्या तरी गाडीत तो पिवळा डोळा उघडतोच. यात भुताटकी नाही. बंद जागेतील हवेचे तापमान उतरले की तिचा दाब उतरतो. ३३ पौंडांच्या चाकात दर सहा अंशांमागे साधारण एक पौंड, हा हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. भोपाळात दुपारी २५ अंशांवर भरलेली हवा रात्री ८ अंशांवर जवळजवळ तीन पौंड उतरते. त्यातच टायर निरोगी असूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा रबरातून झिरपत असते. दोन-तीन महिने हवा पाहिली नसेल तर थंडीची एक रात्र काटा मर्यादेखाली ढकलते. अमेरिकन नियमाप्रमाणे सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाली की दिवा लागला पाहिजे, युरोपात २० टक्के. म्हणजे ३३ पौंडांचे चाक अमेरिकन मर्यादेने २५ पौंडांपर्यंत उतरले तरी पहारेकरी गप्प राहू शकतो! दिवा लागला नाही याचा अर्थ हवा बरोबर आहे असा कधीच नाही. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, थंड चाकाची हवा मोजणे संवेदक असूनही चुकत नाही. त्यासाठी पेनाएवढा दाबमापक तीन-चारशे रुपयांत मिळतो. पंपावरच्या हवेच्या यंत्राचा काटा पुष्कळदा दोन-तीन पौंड खोटे बोलतो, म्हणून तो स्वतःचा असावा.

काही गाड्यांत चाकात संवेदक नसतोच, तरी दिवा असतो. तेथे ब्रेकच्या यंत्रणेतील, चाकाचे फेरे मोजणारे भाग हे काम करतात. हवा उतरलेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. त्यावरून तर्क होतो. येथे बॅटरी मरण्याचा प्रश्न नाही आणि खर्चही नाही. हवा भरल्यावर गाडीला ‘आता हे प्रमाण धर’ असे कळ दाबून सांगावे लागते, इतकेच. अशा गाडीच्या मालकाला जर कोणी चाकातले संवेदक बदलण्याचा खर्च सांगितला, तर त्याने खुशाल उठून यावे.

तिसरा पर्याय व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपणासारखे फिरवून बसविण्याच्या संवेदकांचा. चारांचा संच आणि छोटा पडदा मिळून दोन-तीन हजारांत येतो, नाण्याएवढी बॅटरी घरी बदलता येते. गाडीचा मूळ दिवा त्यांचे ऐकत नाही. त्यांचे बोलणे त्यांच्याच पडद्याशी. चोरीला जातात, आणि रबरी व्हॉल्व्हवर वजन वाढते हे दोष आहेत. तरीही दहा वर्षांच्या गाडीत बारा-पंधरा हजारांचे मूळ संवेदक घालणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तेथे मी ही टोपणे पसंत करीन. पण ज्या गाडीत स्टेपनीच नाही, तिची गोष्ट निराळी. २०२० च्या जुलैमधील केंद्र सरकारच्या नियमाने साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबविरहित टायर, पंक्चर बुजविण्याचा संच आणि हवेचा पहारेकरी असेल तर स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. अशा गाडीत पहारेकरी मेला तर पाठीशी पाचवे चाकही नाही. तेथे त्याच दर्जाचा संवेदक लगेच बसवावा.

दुकानात गेल्यावर आणखी एक-दोन गोष्टी. पंक्चरासाठी टायर रिमवरून उतरवावयाचा असेल तर ‘आत सेन्सर आहे’ हे आपण होऊन सांगावे. पहारीचा एक धक्का आणि तीन हजार गेले. टायर बदलताना संवेदकाच्या बुडाचे रबरी कडे, नट आणि व्हॉल्व्हची सुई नवी घालून घ्यावी; शे-दोनशे रुपयांचे काम आहे. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी सुई घालू देऊ नये, निकेलचा मुलामा असलेलीच मागावी. दोन निराळे धातू ओलाव्यात एकमेकांना खातात, सुई आत जखडते आणि मग चांगला संवेदक मोडून काढावा लागतो. वसई-पालघरपासून गोव्यापर्यंतच्या खाऱ्या वाऱ्यात हे फार लवकर घडते. टोपणही त्याच कारणाने प्लास्टिकचेच बरे.

आणि काढलेला जुना संवेदक मागून पाहावा, त्यावरचा क्रमांक बिलाशी ताडावा. मग तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, फोडूही नये. आत लिथियम आहे. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी त्या बनविणाऱ्यांवर आली आहे. तेव्हा डबी दुकानदाराच्याच हाती ठेवून यावे.